खिशातलं आणि पिशवीतलं

१६ ऑक्टोबर १९७२. अलास्कातल्या अँकरेजहून एक सेसना ३१० विमान जूनोकडे निघालं. वैमानिक धरून आत चार माणसं होती. त्यातले दोघे अमेरिकी संसदेचे सदस्य, हेल बॉग्ज आणि निक बेगिच. विमान पोचलंच नाही. ३९ दिवस शोध चालला, पण ना विमान सापडलं ना माणसं, आजतागायत. पुढे चौकशी अहवालात एक नोंद आली, ती वाचताना अजूनही गलबलून येतं. वैमानिकाचा संकटकाळी हाक देणारा छोटा ट्रान्समीटर फेअरबँक्समध्ये दुसऱ्याच एका विमानात सापडला होता. यंत्र घेतलेलं होतं. फक्त ते सोबत नव्हतं.

लहान खासगी विमानात आणीबाणीचं सामान भरायचं म्हटलं की आपण याद्या करायला बसतो. यादी हवीच. पण त्याआधी विचारायचा प्रश्न असा की, विमान आडवाटेला उतरलं आणि दरवाजा ढकलून आपण बाहेर पडलो, तर त्या क्षणी आपल्या अंगावर नेमकं काय असेल?

इंजिन बंद पडून रानात उतरणं म्हणजे सगळं संपलं, असा समज असतो. भौतिकशास्त्र तसं म्हणत नाही. सेसना १७२ सारखं चार आसनी विमान पुरेसं हळू आणून टेकवलं, तर त्याचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास असतो. एवढ्या वेगातून विमान थांबताना आतल्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या ९ पटींपेक्षा जास्त झटका बसू नये, तर थांबायला किती अंतर लागेल? जेमतेम साडेतीन मीटर. अर्थात विमान एकसारखं मंदावत गेलं तर. खांद्यावरून घेतलेला पट्टा आवळून बसलेलं माणूस क्षणभराचा एवढा झटका सोसू शकतं. वेग दुप्पट असेल तर मात्र अंतर चौपट लागतं, म्हणून शेवटपर्यंत विमान ताब्यात ठेवून सावकाश टेकवणं याला एवढी किंमत आहे. झुडपांनी, गवताने, बर्फाने ते साडेतीन मीटर दिले की माणसं जिवंत बाहेर येतात. सामानाची गोष्ट तिथून सुरू होते.

तोच ९ पटींचा झटका मागे ठेवलेल्या पिशवीलाही बसतो. दहा किलोची पिशवी त्या क्षणी नव्वद किलोच्या जोराने पुढे झेपावते, आणि पुढे असतं ते आपलं डोकं. म्हणून ती जाळीखाली किंवा पट्ट्यांनी करकचून बांधलेलीच हवी. आता दुसरी बाजू पाहा. इंधन गळतंय, कुठेतरी ठिणगी उडाली आहे, किंवा विमान पाण्यात उलटं झालं आहे. अशा वेळी करकचून बांधलेली पिशवी सोडवत बसायला कोणालाही वेळ नसतो. अलास्कातले वैमानिक म्हणतात, जे तुमच्या अंगावर आहे ते जीव वाचवायचं सामान, बाकी सगळं तंबू ठोकून राहायचं सामान. मला या विषयातलं यापेक्षा शहाणपणाचं वाक्य माहीत नाही.

तेव्हा सामानाचे दोन भाग करायचे. खिशांचं जाकीट घालायचं आणि ते उड्डाणभर अंगावरच ठेवायचं. त्यात व्यक्तिगत बीकन (उपग्रहाला हाक देणारा खिशातला ट्रान्समीटर), आरसा, शिट्टी, लायटर आणि चकमकीची कांडी, चाकू, रक्तस्राव थांबवायला टुर्निके, म्हणजे हातापायावर आवळायचा पट्टा, डोक्याला बांधायचा छोटा दिवा आणि घडी केलेलं चकचकीत ब्लँकेट. पिशवीत पाणी, ताडपत्री, उबदार कपडे, प्रथमोपचाराचं बाकीचं सामान, खाणं.

यातलं पहिलं स्थान बीकनचं. विमानात बसवलेला आणीबाणीचा ट्रान्समीटर आदळल्याचा झटका ओळखून आपोआप सुरू होतो, पण त्याच झटक्यात अँटेनाची तार तुटू शकते, विमान उलटून अँटेना खाली दबू शकते किंवा आगीत सगळंच जाऊ शकतं. खिशातला बीकन हा त्यावरचा उपाय. तो ४०६ मेगाहर्ट्झवर सुमारे पन्नास सेकंदांनी एकदा, अर्ध्या सेकंदाचा डिजिटल संदेश पाठवतो आणि किमान २४ तास चालतो. कॉस्पास-सारसात या आंतरराष्ट्रीय यंत्रणेचे उपग्रह तो ऐकतात. पृथ्वीभोवती कमी उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहाला हा संदेश जवळ येताना थोड्या वरच्या आणि दूर जाताना थोड्या खालच्या वारंवारतेवर ऐकू येतो, जशी जवळून जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीची पट्टी बदलते. तेवढ्या फरकावरून जागा काही किलोमीटरच्या अंतरात सापडते. बीकनमध्ये जीपीएस असेल तर साधारण शंभर मीटरपर्यंत. या यंत्रणेने पहिल्यांदा माणसं वाचवली ती सप्टेंबर १९८२ मध्ये, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात, आणि ती एका कोसळलेल्या लहान विमानातलीच होती.

जुन्या विमानांत अजूनही १२१.५ मेगाहर्ट्झवरचा ट्रान्समीटर दिसतो. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह ती वारंवारता ऐकत नाहीत. जवळून जाणाऱ्या एखाद्या विमानाने ऐकली तर ऐकली. तुमच्या विमानात तोच असेल, तर उपग्रहाच्या हिशेबी तुम्ही मुके आहात.

हाक पोचल्यावरही मदत यायला तास लागतात, खराब हवेत दिवस. तोवर आपला सगळा झगडा असतो शरीराच्या तापमानाशी आणि पाण्याशी. कॅनडाचा विमान नियम मला म्हणूनच आवडतो. तो वस्तूंची यादी न देता कामं सांगतो. आग पेटवता आली पाहिजे, निवारा करता आला पाहिजे, पाणी मिळवता किंवा शुद्ध करता आलं पाहिजे, आणि दिसेल अशी खूण करता आली पाहिजे. त्यात अन्नाचा उल्लेखच नाही. अलास्काचा कायदा मात्र माणशी आठवड्याचं अन्न मागतो. पण वजन मोजून घ्यायचं असेल तर मी कॅनडाच्या बाजूने. निरोगी माणूस अन्नावाचून आठवडे काढतो, पाण्यावाचून मोजके दिवस, आणि ओल्या कपड्यांनी वाऱ्यात काही तासच.

ओलं अंग इतकं घातक का? पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट चांगलं उष्णतावाहक आहे. शरीराच्या गाभ्याचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की विचार अडखळायला लागतात, पण बोटं त्याच्या कितीतरी आधी संप करतात. त्यामुळे प्लास्टिकच्या घट्ट वेष्टनातली एकही गोष्ट तशीच पिशवीत टाकू नका. घरी वेष्टनं काढा, जाड हातमोजे घाला आणि डाव्या हाताने एकेक वस्तू खिशातून काढून वापरून पाहा. जी निघत नाही तिची जागा बदला. लायटर आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. त्यातला ब्युटेन शून्याच्या जरा खाली गेला की उकळतच नाही, मग वायू कुठला आणि ज्योत कुठली. चकमकीच्या कांडीला असली अडचण नाही.

चकचकीत ब्लँकेटबद्दल एक गैरसमज आहे. ते अंगातून बाहेर पडणारी किरणरूप उष्णता परतवतं आणि वारा अडवतं, पण जमिनीत झिरपणारी उष्णता ते अजिबात थांबवत नाही. ते गुंडाळून थंड जमिनीवर झोपलात तर जमीनच तुम्हाला गारठवेल. खाली विमानाच्या आसनांच्या गाद्या घाला, डहाळ्या घाला, अंगाखाली हवा अडकून राहील असं काहीही घाला. आणि कडाक्याच्या थंडीत विमानाच्या केबिनमध्ये रात्र काढायचा मोह आवरा. ॲल्युमिनियमचा तो डबा वारा अडवतो, पण तुमची ऊब भराभर बाहेर सोडतो.

वाळवंटात गणित उलटं होतं. एप्रिल १९३३ मध्ये बिल लँकेस्टर हा ब्रिटिश वैमानिक इंग्लंडहून केप टाऊनकडे जाताना सहारात कोसळला. जवळ दोन गॅलन, म्हणजे सुमारे नऊ लिटर पाणी. तो विमान सोडून गेला नाही. पंखांचं कापड फाडून, त्याच्या पट्ट्या पेट्रोलमध्ये बुडवून रात्री त्या पेटवत राहिला आणि रोजनिशी लिहीत राहिला. आठ दिवस तो जगला. त्याचा देह आणि रोजनिशी सापडली १९६२ मध्ये. त्याने जवळपास सगळं बरोबर केलं होतं, पण त्याची हाक पोचवणारं काही त्याच्याकडे नव्हतं. एक लिटर घाम वाळताना शरीराची सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. उन्हात चालत सुटलं तर तासाला लिटरभर घाम सहज जातो, सावलीत निजून राहिलं तर त्याच्या कितीतरी कमी. म्हणूनच ताडपत्री ही पाण्याच्या बाटलीइतकीच मोलाची. भडक केशरी घ्या, वरून दिसते.

पाण्यावरून उडणार असाल तर जीवरक्षक जाकीट आधीच अंगात हवं, पण फुगवायचं बाहेर पडल्यावर. आत फुगवलं की पाणी भरणाऱ्या केबिनमध्ये ते तुम्हाला छताशी दाबून धरतं आणि बुडी मारून दारापर्यंत जाता येत नाही. १९९६ मध्ये कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलेल्या इथिओपियन एअरलाइन्सच्या विमानात असंच होऊन कितीतरी प्रवासी अडकले. थंड पाण्यात श्वास ताब्यात यायला मिनिटभर जातो, आणि हात उपयोगाचे राहतात सुमारे दहा मिनिटं. जे काही करायचं ते तेवढ्यात.

आणि आरसा. आकाशात सूर्य अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून आरशाचा कवडसाही अर्ध्या अंशाने पसरतो. दहा किलोमीटरवर तो सुमारे नव्वद मीटर रुंद होतो. तिथल्या वैमानिकाच्या डोळ्यांवर तो लखकन चमकतो, पण नेम चुकला तर त्याला काहीच दिसत नाही. नेम धरायची रीत सोपी आहे. एक हात लांब करून दोन बोटांच्या बेचक्यात विमान पकडा, दुसऱ्या हाताने आरसा डोळ्याजवळ धरून कवडसा आधी त्या बोटांवर आणा, मग हळूहळू हलवत राहा. नेमासाठी मध्ये भोक असलेला आरसा मिळाला तर आणखी बरं. एकदा उन्हात लांबच्या भिंतीवर सराव करा.

उड्डाणाआधी शेजारी बसलेल्याला दोन मिनिटं द्या. वैमानिकच बेशुद्ध असेल तर बीकन या शेजाऱ्यालाच चालवायचा आहे. तो कुठल्या खिशात आहे, अँटेना कशी उलगडायची, कुठलं बटण दाबून धरायचं, आणि नंतर तो अंगाखाली न ठेवता उघड्या आकाशाखाली अँटेना उभी ठेवायची, हे त्याच्याकडून एकदा करवून घ्या. बटण दाबण्याचं फक्त दाखवायचं, दाबायचं नाही.