व्हेटर्नरीला जायचंय? निवड अकरावीतच होते

'आधी बी.एस्सी. करू, मग व्हेटर्नरीला जाऊ' असं ठरवून बसलेली मुलं दरवर्षी भेटतात. अमेरिकेत तसा रिवाज आहे, आपल्याकडे नाही. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पशुवैद्यकाची पदवी बारावीनंतर थेट करायची असते. ती साडेपाच वर्षांची आहे आणि त्यातलं एक वर्ष इंटर्नशिपचं. त्यामुळे अकरावीत बायोलॉजी सोडलं, तर वाट तिथेच अडते.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. खुल्या प्रवर्गाला या चार विषयांत मिळून किमान 50 टक्के लागतात. हो, इंग्रजीसुद्धा धरतात, म्हणून तो पेपर हलक्यात घेऊ नका. आरक्षित प्रवर्गाला गुणांत सवलत आहे, ती त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला वय 17 पूर्ण हवं. गुणवत्ता यादी 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर लागते.

खरी गडबड फॉर्मची होते. नीट दिली म्हणजे सगळीकडे नाव गेलं, असं पालकांना वाटतं. एमबीबीएस, बीएएमएसचा फॉर्म राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाकडे, म्हणजे सीईटी सेलकडे भरतात, तर व्हेटर्नरीचा नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे, म्हणजे माफसूकडे. अखिल भारतीय कोट्यातल्या 15 टक्के जागांसाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेकडे वेगळी नोंदणी लागते. दोन्हीकडे भरा. तारखा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच बघा, व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डवर विसंबू नका.

कागदपत्रांत नीटचं स्कोअरकार्ड व प्रवेशपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधार लागतं. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असल्यास नॉन-क्रीमी लेयर. यात वैधता सगळ्यात जास्त रखडवते. तिचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत टाका. निकालानंतर पडताळणी समितीच्या दारात रांग लावून काही हाती लागत नाही. नॉन-क्रीमी लेयरची मुदतही तपासा.

आता कॉलेजचा पसंतीक्रम. माफसूची मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथली कॉलेजं सगळ्यांना माहीत असतात. मुंबईचं 1886 सालचं, सगळ्यात जुनं, म्हणून डोळे मिटून पहिलं टाकणारे बरेच. माझ्या मते कॉलेजच्या दवाखान्यात कुठलं जनावर येतं, ते आधी बघावं. कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करायची असेल तर मुंबई ठीक. वन्यप्राण्यांची ओढ असेल तर नागपूर, कारण गोरेवाड्याचं वन्यजीव केंद्र तिथेच. गाईगुरांत रमणाऱ्याने उदगीरला नाक मुरडू नये. देवणी गाय त्याच पट्ट्यातली, आणि हात बसतो तो गोठ्यात.

एजंट 'हेही तेच' म्हणत पशुसंवर्धनाचा डिप्लोमा गळ्यात मारतात. तो वेगळा अभ्यासक्रम आहे. पशुवैद्यक म्हणून नोंदणी व्हायला 1984 च्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त पदवीच लागते. परराज्यातल्या खासगी कॉलेजात पैसे भरण्याआधी त्याचं नाव परिषदेच्या मान्यता यादीत स्वतः शोधा.