हॅलम फुटबॉल क्लब आणि सँडीगेट मैदान

हॅलम हा इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या पश्चिमेला, क्रॉसपूल या चढावरच्या वस्तीतला नॉन-लीग फुटबॉल क्लब. इंग्लंडच्या वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब खेळतात; त्यांच्या खालच्या साऱ्या क्लबांना नॉन-लीग म्हणतात. हॅलमची स्थापना १८६० ची. त्याहून जुना फक्त शेफील्ड एफसी (१८५७). पण शेफील्डने मैदाने बदलली आणि २००१ पासून तो शहराबाहेर, डर्बीशायरमधील ड्रॉनफील्डला खेळतो. हॅलमचे घर मात्र सँडीगेट रोडवर, पहिला सामना झाला त्याच जागी आहे. गिनेस बुकात जगातले सर्वांत जुने फुटबॉल मैदान म्हणून सँडीगेटची नोंद आहे. हॅलमचे मोठेपण चषकांपेक्षा या जागेत आहे.

तो पहिला सामना २६ डिसेंबर १८६० रोजी शेफील्डविरुद्ध झाला. प्रत्येक बाजूला १६ खेळाडू होते आणि शेफील्डने २-० असा विजय मिळवला. इंग्लिश फुटबॉलची नियामक संस्था असलेली फुटबॉल असोसिएशन स्थापन व्हायला अजून तीन वर्षे होती, त्यामुळे खेळ शेफील्ड क्लबच्या स्वतःच्या ‘शेफील्ड नियमां’नी चाले. दोन्ही क्लबांची चुरस आजही ‘रूल्स डर्बी’ (डर्बी म्हणजे शेजारी संघांमधला सामना) म्हणून ओळखली जाते. २९ डिसेंबर १८६२ रोजी लँकाशायरमधील संकटग्रस्त गिरणी कामगारांच्या मदतीसाठी शेफील्डमधील ब्रॅमॉल लेन मैदानावर हे दोघे भिडले. तीन तास खेळूनही गोल झाला नाही. मध्येच हाणामारी झाली. खेळाडूला मैदानाबाहेर काढण्याची पद्धत तेव्हा नव्हती. भांडणातल्या हॅलमच्या खेळाडूला शिक्षा म्हणून गोलरक्षणाला उभे केले गेले.

क्लबचे सर्वांत मोठे यश म्हणजे १८६७ चा यूडन चषक. थॉमस यूडन या स्थानिक नाट्यगृहमालकाने तो ठेवला आणि बारा क्लबांनी भाग घेतला. फुटबॉलमधली ही पहिली चषक स्पर्धा मानली जाते. अंतिम सामना ५ मार्चला ब्रॅमॉल लेनवर झाला. हॅलमने नॉरफोक या क्लबला हरवले ते एकही गोल न करता, दोन ‘रूज’च्या जोरावर. हा रूज समजून घेतल्याशिवाय तो निकाल कळत नाही. गोलचे खांब एकमेकांपासून चार यार्डांवर असत आणि प्रत्येक खांबाच्या बाहेर आणखी चार यार्डांवर एक निशाण रोवलेले असे. चेंडू गोल चुकवून निशाण आणि खांब यांच्यामधून गेला आणि आक्रमक संघाच्या खेळाडूने धावत जाऊन सर्वांआधी त्याला हात लावला, की रूज. गोल समसमान असले तरच रूज मोजत. गोल इतके अरुंद होते की बरोबरी सारखीच व्हायची, म्हणून ही सोय. पुढच्याच वर्षी ती नियमांतून गेली. चषकही पुढे गहाळ झाला. १९९७ मध्ये स्कॉटलंडमधील एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे तो सापडला आणि क्लबने विकत घेऊन परत आणला.

सँडीगेट मुळात क्रिकेटचे मैदान. १८०४ पासून तिथे क्रिकेट होत आले आहे आणि हॅलम क्रिकेट क्लब आजही शेजार धरून आहे.

मैदान सपाट नाही, आणि पाहुण्या संघांची फसगत इथेच होते. चढाकडे दिलेला जमिनीवरचा पास कमी पडतो, उताराकडे दिलेला सहकाऱ्याला ओलांडून रेषेबाहेर जातो. आडवा पास द्यायचा तर सहकाऱ्याच्या पायावर न देता थोडा चढाच्या अंगाला द्यावा लागतो. चेंडू वळून त्याच्याकडे येतो. खालच्या अंगाला अडकलेल्या बचावपटूला चेंडू वर काढताना दुप्पट जोर लागतो. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, म्हणून अन्याय कुणावरच होत नाही. पण पहिल्या पंधरा मिनिटांत अंदाज बसला नाही तर तेवढ्यात गोल खाल्लेला असतो. पावसाचे पाणी साहजिकच खाली उतरते, त्यामुळे हिवाळ्यात वरचा भाग खेळण्याजोगा असतानाही खालच्या भागाच्या चिखलापायी सामना पुढे ढकलावा लागू शकतो. सामन्याआधी पंचांनी पाहणी करायची ती खालच्या अंगाची.

निळा हा क्लबचा रंग, ‘द कंट्रीमेन’ हे टोपणनाव. क्लब सुरू झाला तेव्हा हॅलम शहराबाहेरचे गाव होते, त्याची ही खूण. १९८२ मध्ये नॉर्दर्न काउंटीज ईस्ट लीग सुरू झाली तेव्हापासून क्लब तिच्यात आहे. २०११ मध्ये तो खालच्या विभागात घसरला. २०२१-२२ मध्ये तो विभाग जिंकून पुन्हा प्रीमियर विभागात, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवर आला.