‘देव झेपेल तेवढंच दुःख देतो’ असं बायबलमध्ये कुठे आहे?

कुणाचं मूल गेलं, की दफनविधीनंतर कुणीतरी त्या आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतंच, “देव झेपेल तेवढंच दुःख देतो.” हेतू चांगला असतो, पण बायबलमध्ये असं वचन नाही.

हा समज आला आहे १ करिंथ १०:१३ वरून, म्हणजे करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायातल्या तेराव्या वचनावरून. सुमारे इ.स. ५५ मध्ये येशूचा प्रेषित पौल ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, मूर्तिपूजा आणि व्यभिचाराच्या मोहाबद्दल लिहीत होता. मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मोस’चे अर्थ दोन: परीक्षा आणि मोह. मराठीत ‘परीक्षा’ वाचलं की आपल्याला संकटच आठवतं. पौल म्हणतो, मोह शक्तीपलीकडे जाऊ दिला जाणार नाही आणि त्यासोबत बाहेर पडायची वाटही मिळेल. दुःखाचं म्हणाल, तर २ करिंथ १:८ मध्ये तोच कबूल करतो की आशियात (तेव्हाच्या रोमन प्रांतात, आजच्या पश्चिम तुर्कस्तानात) आपल्यावर शक्तीपलीकडचा भार आला, जगण्याचीही आशा उरली नव्हती.

आणखी एक गोष्ट निसटते. मराठीतलं ‘तुम्ही’ आदरार्थीही असतं; ग्रीकमध्ये इथे स्पष्ट अनेकवचन आहे. वचन सगळ्या मंडळीला आहे, एकट्याने दात-ओठ खाऊन झुंजणाऱ्याला नाही. पुढच्याच ओळीत पौल सांगतो: पळ काढा. दारू सोडू पाहणारा माणूस गुत्त्याची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने घरी जातो, पाय अडखळले तर चर्चच्या पाळकांना फोन लावतो, तेव्हा त्याची श्रद्धा कमी पडलेली नसते. ती वाट हीच. आणि त्या आईला वचन ऐकवू नका, तिच्याजवळ बसा.