चांदीपुरा: नागपुरात सापडलेला, गावांत मुलं नेणारा विषाणू

१९६५ साली नागपुरात चिकनगुनिया आणि डेंगीची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) रुग्णांचं रक्त तपासताना दोन प्रौढांच्या नमुन्यांत एक अनोळखी विषाणू सापडला. चांदीपुरा या ठिकाणावरून त्याला नाव मिळालं. दोघांनाही ताप होता, त्यामुळे सापडलेला विषाणू फार घातक असेल असं तेव्हा वाटलं नाही.

पुढे १९७० मध्ये महाराष्ट्रातल्या वाळूमाश्यांत तो आढळल्याचं प्रसिद्ध झालं. १९८०च्या दशकात मध्य प्रदेशातल्या मेंदूज्वराच्या रुग्णाच्या रक्तात तो मिळाल्याची नोंद झाली. खरं तर तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण मेंदूज्वर म्हटलं की जपानी मेंदूज्वर, हे समीकरण पक्कं होतं, आणि जपानी मेंदूज्वराची लस चांदीपुराला चालत नाही.

२००३च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. महाराष्ट्रालाही झळ बसली. काल खेळणारं लेकरू तापानं फणफणायचं, उलट्या, मग झटके, बेशुद्धी, आणि अनेकदा दोन दिवसांच्या आत सगळं संपायचं. मेंदूला सूज येते की रक्तपुरवठा तुटतो, यावर डॉक्टरांमध्ये वाद रंगला. २००७ मध्ये नागपूर विभागातल्या मुलांत पुन्हा उद्रेक झाला. ज्या शहरात विषाणू सापडला, त्याच्याच आसपासच्या खेड्यांतली ही मुलं होती, आणि ही गोष्ट मला अजूनही सहन होत नाही.

सरकारी उपाय मुख्यतः हिवताप विभागाच्या हाती राहिले. हा विषाणू माणसांत पसरवणारी वाळूमाशी डासापेक्षा बारीक. ती मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यात, शेणाच्या ओलाव्यात राहते आणि जमिनीलगत थोडं थोडं उडते. म्हणून घरा-गोठ्याच्या भिंतींवर औषध बसणं आणि भेगा लिंपून घेणं महत्त्वाचं; गल्लीतून धुराचं यंत्र फिरवून गेल्यानं फार काही साधत नाही. उद्रेकानंतर फवारणी होते, पथकं येतात, नमुने पुण्याला जातात. पावसाळा सरला की हालचाल मंदावते. २०२४ मध्ये गुजरातसह देशात जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. या २४५ पैकी ६४ जणांत चांदीपुरा निश्चित झाला.

या आजारावर खास औषध नाही, लसही नाही. झटके थांबवणं, श्वास चालू ठेवणं, साखर आणि पाणी सांभाळणं, एवढंच हातात असतं, आणि तेही पहिल्या काही तासांत. महाराष्ट्रात १०८ची रुग्णवाहिका २०१४ मध्ये आली. ती येईपर्यंत गावातून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांपर्यंत पोहोचणं घरच्यांच्या ऐपतीवर होतं. आज वाहन मिळतं, पण जूनच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात झटक्यांचं इंजेक्शन आणि ऑक्सिजन तयार आहे का, आशाताईंना ही लक्षणं ठाऊक आहेत का, हे दरवर्षी तपासलं गेलं पाहिजे.