पक्षीनिरीक्षणातला प्रामाणिकपणा (गोवा)

पक्षी बघायला जाणं, म्हणजे आपलं बर्डिंग, हा बिनपंचाचा खेळ आहे. किती पाहिले ते ज्याचं त्यानेच लिहायचं आणि बाकीच्यांनी ते खरं धरायचं. मग यादीत काय टाकायचं, काय गाळायचं आणि एक पक्षी दिसावा म्हणून त्याला किती छळायचं याचे काही लिखित, बरेचसे अलिखित नियम पडलेत, ही नोंद त्यांच्याबद्दल आहे. गोव्यात हा विषय जरा जास्तच निघतो, कारण साधारण ऑक्टोबर ते मार्च करमळीचं तळं, चोडणचं सलीम अली अभयारण्य, बोंडला, मोले इथे गावचे लोक असतात तसे बाहेरचेही येतात, आणि बाहेरच्याची सुट्टी मोजून चार दिवसांची असते, पक्षी मात्र पुस्तकातले सगळे हवे असतात.

मूळ नियम साधा आहे. पक्षी जिवंत हवा, जंगली हवा, मोकळा हवा आणि ओळख स्वतःला पटलेली हवी. बोंडल्याला प्राणिसंग्रहालय आहे, तिथलं पिंजऱ्यातलं काहीही यादीत चालत नाही, पिंजऱ्यावर येऊन बसलेला कोतवाल चालतो. आवाज ऐकून ओळखलेला पक्षीही बहुतेक लोक धरतात.

ठरवून थाप मारणारे तसे कमीच, बहुतेक वेळा माणूस घसरतो. रायबंदरहून फेरीने चोडणला उतरलो, खारफुटीतल्या वाटेवर आम्ही पाच जण आणि स्कोप एकच. स्कोपमध्ये कॉलर्ड किंगफिशर, म्हणजे एक खंड्या, धरला होता. पहिल्या दोघांनी नीट बघितला, तिसरा डोळा लावतोय तोवर पक्षी उडाला, पण कोणीतरी विचारलं "दिसलो मरे?" आणि तिसरा म्हणाला "दिसलो दिसलो", मग चौथ्यानेही मान हलवली कारण सगळ्यांना थांबवून ठेवायचं कसं, आणि पाचवा मी होतो. घरी येऊन मीही लिहून टाकला. दोन दिवस तो यादीत खुपत राहिला, मग काढला. गाइड बरोबर असला की हे आणखी होतं, पैसे मोजलेल्या माणसाला "नाही दिसला" म्हणायला लाज वाटते आणि गाइडलाही पुढच्या जागी पळायचं असतं.

आवाजाचं प्रकरण त्याहून वाईट. आपल्या जंगलातला भृंगराज, शेपटीला दोन लांब दांड्या असलेला कोतवाल, दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, सर्पगरुडासारखी शीळ घालतो आणि खाली पाचजण मान वर करून आभाळ शोधत बसतात. हल्ली मर्लिन ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं, चांगलंय, पण ते सुचवणंच आहे, स्क्रीनवर नाव उमटलं म्हणजे पक्षी मिळाला असं नाही. आणि पलीकडच्या वळणावर दुसऱ्या ग्रुपने मोबाइलवर लावलेला कॉल, म्हणजे पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज, आपण खरा समजून लिहिला असं पण होतं, हसू नका, झालंय.

आता जास्त यादी ईबर्डवर जातात. अमेरिकेतल्या कॉर्नेल लॅबने २००२ साली सुरू केलेली ही साइट. यादी भरताना ती विचारते, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? इथे माझ्या मते सगळ्यात कॉमन थाप मारली जाते, आणि ती दुर्मीळ पक्ष्याची नसून कावळ्याची असते. लोक धनेश लिहितात, नवरंग लिहितात, कावळा-साळुंकी-कबुतर सोडून देतात आणि "हो" दाबतात. पूर्ण यादीत नाव नाही म्हणजे तिथे तो पक्षी सापडला नाही असा अर्थ पुढे लागतो, उद्या कोणी आकडे काढले तर तुमच्या करमळीत कावळेच नाहीत. आकड्याचंही तसंच. अडई बदकांचा थवा मोजताना दहा मोजायचे, ते किती जागा घेतात ते बघायचं आणि तेवढे तुकडे पाडत पुढे जायचं, अंदाजाचे तीनशे चालतात. तेही जमत नसेल तर आकड्याच्या जागी फुली टाकता येते, पक्षी होते एवढं सांगता. वटवट्या (चिमणीहून लहान पक्षी, जाती बऱ्याच) कुठला ते कळलं नाही तर "वटवट्या, जात अनिश्चित" असंही टाकता येतं. नवीन लोकांना यात कमीपणा वाटतो, मला तर अशा दोन-तीन ओळी दिसल्या की बाकीच्या यादीवर जास्त विश्वास बसतो. वेगळं काही लिहिलं की स्थानिक रिव्ह्यूअर फोटो किंवा वर्णन मागतो, तो फुकट काम करणारा हौशी माणूस असतो, त्याच्यावर चिडणारे बघितलेत.

एका थापेने किती घोळ होतो याचं उदाहरण आपल्या खानदेशातलंच आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचा शेवटचा खरा नमुना १८८४ मध्ये डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिथे गोळा केला होता. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलने डेव्हिडसनचाच एक नमुना म्युझियममधून चोरला आणि १९१४ साली गुजरातेत मांडवीला आपण मिळवला अशी चिठ्ठी लावली. चोरी पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीतज्ज्ञांनी उघडी पाडली, मांडवीचा पत्ता बाद झाला, शोध जुन्या खऱ्या जागांकडे वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. म्हणजे ११३ वर्षांनी.

राहिला पक्ष्याशी प्रामाणिकपणा. कॉल वाजवून पक्ष्याला समोर आणणं म्हणजे त्याच्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं खोटं सांगणं, विणीच्या दिवसात तर नकोच. पावसाळ्यात तिबोटी खंड्या ओहोळाच्या मातीच्या कडेत बीळ करतो, तिथे फोटोसाठी गर्दी होते आणि मधे येणारी फांदी मोडली जाते, मग घरटं उघडं पडतं. मोलेच्या बाजूला दिवसा वाळक्या पानांत बसलेला फ्रॉगमाउथ (रुंद तोंडाचा निशाचर पक्षी) दाखवणारे गाइड असतात, त्यातला एकजण नेहमी म्हणतो, "दोन मिनिटां, मगीर फाटीं." कॅमेरावाले कुरकुरतात, पण तो खरंच मागे फिरतो आणि सगळ्यांना फिरावं लागतं.