पूर्वमंजुरी (अमेरिकेचा मतदान हक्क कायदा, १९६५)

मतदानात वांशिक भेदभाव केलेल्या राज्यांनी व काउंट्यांनी (राज्यातल्या जिल्ह्यांनी) निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्याआधी वॉशिंग्टनची परवानगी घ्यावी, अशी तरतूद. अमेरिकेत निवडणुका घेणारा भारतासारखा केंद्रीय आयोग नाही. नोंदणीपासून मतमोजणीपर्यंत सारे राज्ये आणि काउंट्या पाहतात. दक्षिणेत नोंदणी अधिकारी कृष्णवर्णीय अर्जदाराला राज्यघटनेतला उतारा देई, अर्थ विचारी आणि उत्तर चूक ठरवी. न्यायालयाने एक युक्ती रद्द केली की दुसरी तयार असे.

७ मार्च १९६५ रोजी अलाबामातील सेल्मा येथे एडमंड पेटस पुलापाशी पोलिसांनी मतदानाच्या हक्कासाठीचा मोर्चा झोडपला. आघाडीवरच्या २५ वर्षांच्या जॉन लुईस यांच्या कवटीला तडा गेला. ६ ऑगस्टला कायद्यावर सही झाली.

कलम ४ चे सूत्र साधे होते : १ नोव्हेंबर १९६४ रोजी साक्षरता परीक्षा किंवा तत्सम चाळणी चालू होती आणि नोंदणी वा मतदान ५० टक्क्यांखाली होते, तर तो प्रदेश बंधनात. कलम ५ नुसार बदलाचा जुना-नवा मजकूर आणि त्याचा कोणत्या वंशाच्या मतदारांवर काय परिणाम होईल याची माहिती ॲटर्नी जनरलकडे (केंद्र सरकारच्या विधी खात्याच्या प्रमुखाकडे) धाडायची. ६० दिवसांत हरकत आली नाही तर बदल लागू. जादा माहिती मागवली तर मुदत पुन्हा पहिल्यापासून. मतदान केंद्र रस्त्यापलीकडे हलवायचे असले तरी हेच. भेदभाव नाही हे राज्यानेच सिद्ध करायचे, ही कायद्याची खरी ताकद होती. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी १९६५ मधील ६.७ टक्क्यांवरून दोन वर्षांत ५९.८ टक्क्यांवर गेली.

२५ जून २०१३ रोजी शेल्बी काउंटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५-४ मतांनी हे सूत्र कालबाह्य ठरवले. कलम ५ कागदावर राहिले, पण ते लावायचे कोणाला हे सांगणारे काही उरले नाही. टेक्सासने त्याच दिवशी छायाचित्र-ओळखपत्राचा अडवलेला नियम अमलात आणत असल्याचे जाहीर केले.

आता कलम २ खाली, म्हणजे मतदानातील वांशिक भेदभावाला देशभर बंदी घालणाऱ्या कलमाखाली, दावा लावायचा, पुरावा दावेदाराने द्यायचा आणि तोवर निवडणूक उरकलेली असते. अलाबामातील सातपैकी एकाच मतदारसंघात कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. खालच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये हा नकाशा अडवला, पुढच्याच महिन्यात स्थगिती आली आणि २०२२ ची निवडणूक त्याच नकाशावर झाली. जून २०२३ मध्ये तो बेकायदा ठरला.

मोठी अडचण वेगळीच आहे. १९६५ मध्ये विरोध मुख्यतः दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांचा होता. पुढे तिथला गोरा मतदार रिपब्लिकनांकडे सरकला, कृष्णवर्णीय डेमोक्रॅटांकडे राहिला. वंश आणि पक्ष यांची रेघ एकच झाली. पक्षाच्या फायद्यासाठी मतदारसंघांच्या सीमा वाकवण्यात संघीय न्यायालये पडणार नाहीत, असे २०१९ च्या रुचो निकालाने ठरले. साहजिकच, ‘आम्ही वंश नव्हे, पक्ष पाहिला’ हा विधिमंडळांचा हुकमी बचाव झाला. २०२४ मध्ये साउथ कॅरोलिनाच्या खटल्यात ही गुंतागुंत सोडवून दाखवण्याचे ओझे दावेदारांवर पडले.

२००६ मध्ये पूर्वमंजुरीच्या मुदतवाढीला सिनेटमध्ये ९८-० मते पडली होती. लुईस तेव्हा अटलांटाचे खासदार होते. १७ जुलै २०२० ला ते गेले. सूत्र नव्याने बांधणारे, त्यांच्या नावाचे विधेयक ऑगस्ट २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहात २१९-२१२ ने संमत झाले, एकाही रिपब्लिकन मताविना. नोव्हेंबरात सिनेटमध्ये ते चर्चेला घेण्यासाठी ६० मते हवी होती. रिपब्लिकनांपैकी अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की तेवढ्या बाजूने आल्या आणि विधेयक अडले.