पॅनिंग छायाचित्रण

पॅनिंग : धावत्या वाहनाबरोबर कॅमेरा फिरवत छायाचित्र टिपण्याची पद्धत. तीत वाहन रेखीव उमटते आणि पार्श्वभूमी आडव्या रेघांत फिसकटते. संज्ञा 'पॅनोरमा' या शब्दाच्या संक्षेपातून आली आहे.

ताशी ६० किमी. वेगाची मोटारसायकल १/१००० सेकंदात जेमतेम पावणेदोन सेंमी. सरकते. कॅमेऱ्यात उजेड सोडणाऱ्या झडपेच्या (शटर) तेवढ्या उघडझापीत आरे गोठतात आणि गाडी उभी केल्यासारखी दिसते. १/६० सेकंदात ती सुमारे २८ सेंमी. जाते व चाक साधारण सातवा हिस्सा फिरते. आरे पुसट होऊन वेग जाणवतो. त्यामुळे १/३० ते १/१२५ सेकंद ही मर्यादा सामान्यतः सोयीची ठरते. कॅमेरा स्थिर असेल तर चाकाचा वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगाने जातो, जमिनीला टेकलेला बिंदू मात्र क्षणभर स्थिर असतो. म्हणून खालचे आरे स्पष्ट आणि वरचे पुसट येतात. कॅमेरा गाडीच्या वेगाने फिरला, की हा फरक नाहीसा होतो.

या पद्धतीचा आरंभ निश्चित सांगता येत नाही. झाक आंरी लार्तिग (१८९४–१९८६) या फ्रेंच छायाचित्रकाराचे फ्रेंच ग्रां प्री शर्यतीतील ६ क्रमांकाच्या मोटारीचे चित्र याबाबत नेहमी पुढे केले जाते. त्याचा काळ दीर्घकाळ १९१२ (दीएप येथील शर्यत) मानला गेला. पुढे गाडीचा क्रमांक व बनावट ताडून १९१३ ची आमियां येथील शर्यत सुचविण्यात आली. हे मत अधिक ग्राह्य वाटते. चित्रातील चाक लंबगोल होऊन पुढे कलले आहे, प्रेक्षक मागे कललेले दिसतात. पडदा-शटरची (फट असलेला पडदा सरकवून उजेड सोडणारे शटर) फट चित्राचा जमिनीकडचा भाग आधी आणि वरचा नंतर उजळवीत गेली. मधल्या वेळात गाडी चौकटीत पुढे सरकली. कॅमेरा गाडीच्या दिशेने, पण तिच्यापेक्षा हळू फिरत होता, म्हणून स्थिर उभे लोक उलट दिशेला झुकले. म्हणजे काटेकोरपणे पाहता ते फसलेले पॅनिंग होय. मोबाइलचा प्रकाश टिपणारा संवेदक ओळीओळीने वाचला जात असल्याने धावत्या बसमधून टिपलेले विजेचे खांब तिरके येतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

बेळगाव सीमाभागात जांबोटी–कणकुंबीवरून चोर्ला घाटाकडे जाणारा रस्ता या कामी सोयीचा आहे. वळणाच्या आतल्या बाजूला उभे राहिल्यास गाडीचे अंतर फारसे बदलत नाही, फोकस टिकतो. सुसाट गाडी बाहेर फेकली गेली तरी छायाचित्रकार तिच्या वाटेत नसतो. पावसाळ्यात खानापूरकडे उजेडच मंद, त्यामुळे शटर आपोआप संथ ठेवावे लागते. उन्हाळी दुपारी मात्र एनडी फिल्टर (भिंगावर लावायची उजेड कमी करणारी काच) लावावा, नाहीतर संध्याकाळची वाट पाहावी. निपाणी–चिकोडी भागात गळीत हंगामात दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर मिळतात. त्यांचा वेग कमी असल्याने १/१५ सेकंदापर्यंत उतरावे लागते; शिवाय लांबीमुळे पुढचा व मागचा भाग कॅमेऱ्यासमोरून वेगवेगळ्या कोनीय गतीने सरकतो. इंजिन रेखीव आले, तर मागची ट्रॉली बहुधा हलतेच. रस्त्याकडेची पाटी कन्नडमध्ये की मराठीत, हा या भागातला जुना प्रश्न अशा चित्रांत उरत नाही. दोन्ही लिप्या सारख्याच पुसल्या जातात.

चौकटीत वाहनाच्या पुढे मोकळी जागा जास्त सोडावी, असा संकेत आहे. कच्च्या रस्त्यावरील मोटारसायकल किंवा शर्यतीची बैलगाडी टिपताना तो मोडलेला बरा. मागे उठलेला धुरळा कापला गेला, तर वेगाची अर्धी खूण जाते.